तिथीची पाऊणपट

कोकणात खाडीकाठच्या माणसाला भरतीची वेळ विचारली, तर तो आधी तिथी विचारतो. "आज काय, पंचमी? म्हणजे पावणेचार." हिशेब सोपा आहे, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पुनवेला सव्वाअकरा. पक्ष शुद्ध असो की वद्य, वेळ पहाटेची असो की दुपारची, आकडा तोच. कारण एक भरती गेली की दुसरी साधारण साडेबारा तासांनी येतेच. रोज ती कालच्यापेक्षा पन्नासेक मिनिटं उशिरा येते, चंद्र उशिरा उगवतो म्हणून. अर्धा तास इकडेतिकडे होतो, खाडीत जसजसं आत जावं तसं पाणी उशिरा पोचतं. पण गरवायला कधी निघायचं, हे ठरवायला एवढं पंचांग पुरतं.

गरवणं म्हणजे गरीने मासे धरणं. त्याला होडी लागत नाही, जाळं लागत नाही. रिकाम्या बाटलीवर गुंडाळलेला तंगूस, शिशाचा एक गोळा, दोन गऱ्या आणि पिशवीत मूठभर कोळंबी, एवढं झालं की माणूस सज्ज. हल्ली जेटीवर रीलवाल्या काठ्याही दिसतात. गोळा लांब जातो, फोटोही चांगला येतो. मला मात्र हातदोरीच आवडते, कारण तिच्यात पाण्याखालची बातमी थेट बोटावर येते.

वासिष्ठी समुद्राला मिळते तिथे, दाभोळला, ही बातमी ऐकत बसायला फार छान वाटतं. एके काळी इथे आदिलशाहीचं मोठं बंदर होतं. आता जुनी दगडी मशीद उभी आहे आणि खाडी ओलांडून धोपाव्याला जाणारी फेरीबोट माणसांना, गाड्यांना घेऊन येरझाऱ्या घालते. ती गेली की तिच्या लाटा काठावर येऊन आपटतात आणि सगळे गरवणारे आपापल्या दोऱ्या सावरतात.

दोरी तर्जनीवरून घ्यायची, अंगठ्याने हलकीच दाबायची आणि बोलणं चालू ठेवायचं. खेकडा लागला तर दोरी जड होते, पण धडपड जाणवत नाही. कोणीतरी सावकाश ओढून नेतंय, एवढंच कळतं. केंड आला की बारीक कुरतडणं सुरू होतं आणि मग दोरी एकदम सैल पडते. वर काढून बघावं तर तंगूस कात्रीने कापल्यासारखा, गरी गायब. चुकून तो वर आलाच तर जेटीवर पोट फुगवून चेंडू होऊन बसतो. विषारी, त्यामुळे खायच्या कामाचा नाही. त्याला परत पाण्यात ढकलून द्यायचं. तांबोशीची गोष्टच निराळी. दोन टोचे, मग काहीच नाही, आणि आपण "गेली वाटतं" म्हणेपर्यंत असा हिसका बसतो की बसलेला माणूस उभा राहतो.

शिंगाळा लागला तर उत्साह जरा बेतानेच दाखवावा. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन काटे असतात. वर आला की ते तिन्ही ताठ उभारून तो पडून राहतो आणि करकरतो. मासा ओरडतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. जाणता माणूस चप्पल पायातून काढतो, तिने मासा दाबून धरतो, गरीचा दांडा पकडून एका वळशात ती सोडवतो. काटा लागला तर हात ठणकत राहतो आणि शेजारचे उपाय सुचवत राहतात.

या सगळ्याला शहरातली माणसं विरंगुळा म्हणतात आणि गरवणाऱ्याला रिकामटेकडा. पण जेटीवर बसलेल्याइतका वेळेला बांधलेला माणूस दुसरा नाही. पाणी चढायला लागलं की त्याच्याबरोबर बारीक कोळंबी खाडीत शिरते, तिच्या मागून मासे. भरती पुरी झाली की पाणी जरा थबकतं, आणि टोचे बंद. मग सुकती लागते, दोरी उलट्या दिशेला ताणली जाते आणि पुन्हा थोडा वेळ चंगळ. मधल्या त्या थबकलेल्या पाण्यात चहा प्यावा, डबा खावा. भूक लागली म्हणून नव्हे, पाणी थांबलं म्हणून.

खरी पंचाईत रविवारची. दिवस सूर्याने ठरवला, महिना चंद्राने. आठवडा मात्र माणसाने आपल्या सोयीने पाडला, आकाशात त्याला कशाचाच आधार नाही. खाडीला तो ठाऊक असण्याचं कारणच नाही. एका रविवारी पुनव आली तर पुढचा रविवार सप्तमी-अष्टमीच्या आसपास पडतो. पहिल्या रविवारी उधाण, दुपारी पाणी जेटीच्या पायऱ्या चढून वर येतं. दुसऱ्या रविवारी भांग. भर दुपारी ओहोटी, पाण्याला ओढ नाही, चिखलात कलंडलेल्या होड्या आणि टोप्या घालून आलेले हौशी लोक आमिष धुऊन परत घेताना दिसतात. सुटी तीच, माणसं तीच, कोळंबीही तीच.

जेटीवर नेहमी भेटणाऱ्या एका काकांना मी विचारलं, "काका, तुम्ही रविवारी दिसत नाही?" ते म्हणाले, "दिसतो की, तिथी बरी असली तर." त्यांनी नोकरी कधी केली नाही, म्हणून त्यांना हे परवडतं, हे खरं. पण सुटी म्हणजे घड्याळातून सुटणं, ही माझी समजूत तिथेच ढिली झाली. कोणत्या ना कोणत्या घड्याळाच्या तालावर चालावंच लागतं. सुटीत फक्त ते बदलता येतं. कचेरीतलं घड्याळ रोज तीच वेळ मागतं. चंद्राचं घड्याळ रोज पन्नास मिनिटं सवलत देतं आणि पंधरवड्यात फिरून मूळ जागी आणून सोडतं. मला हे दुसरं जास्त माणुसकीचं वाटतं.

म्हणून आता मी रजा टाकतो ती वार बघून नाही. कॅलेंडरवरची तिथी बघतो, पाऊणपट करतो आणि मग अर्ज भरतो. कारणाच्या रकान्यात 'घरगुती काम' असं लिहितो. दशमीला साडेसातला भरती आहे, हे कारण कोणत्याही रजेच्या नियमात बसत नाही. आणि साहेबांना ते पटलंच, तर जेटीवर माझ्या शेजारी त्यांच्यासाठीही जागा करावी लागेल.