फ्रेजरपुऱ्याचे न्यायमूर्ती

रिद्धपूरची वाट आमच्या पायांखालची आहे. अमरावती जिल्ह्यातील या गावी तेराव्या शतकात श्रीगोविंदप्रभू राहिले. समाजाने अस्पृश्य म्हणून दूर लोटलेल्यांच्या वस्तीत ते निःसंकोच वावरत, असे महानुभावांच्या लीळा सांगतात. त्याच जिल्ह्यातील, त्याच दूर लोटलेल्या समाजातील एक सुपुत्र सात शतकांनंतर देशाच्या सर्वोच्च न्यायासनावर बसला, याचे आम्हांस फार अप्रूप वाटते.

न्यायमूर्ती भूषण गवई यांचा जन्म 24 नोव्हेंबर 1960 रोजी अमरावतीस झाला. वडील रा. सू. गवई हे दारापूरचे, डॉ. आंबेडकरांच्या विचारांचे पाईक; पुढे बिहार व केरळचे राज्यपाल झाले. मुलाचे पहिले धडे मात्र फ्रेजरपुऱ्यातील नगरपालिकेच्या मराठी शाळेत गिरवले गेले. नंतर मुंबईच्या होली नेम शाळेतही ते शिकले, हे आपल्या वाचकांस विशेष आवडेल.

1985 साली त्यांनी वकिली आरंभिली. 1990 नंतर नागपूर खंडपीठ हीच त्यांची कर्मभूमी झाली. वास्तुविशारद होण्याचे स्वप्न त्यांनी पित्याच्या इच्छेखातर बाजूस ठेवले होते. वकील राहिलास तर पैसा मिळवशील, न्यायाधीश झालास तर समाजाची सेवा करशील, असे पित्याने समजाविल्याचे ते सांगतात. 2003 मध्ये ते उच्च न्यायालयाचे, 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि 14 मे ते 23 नोव्हेंबर 2025 या काळात भारताचे सरन्यायाधीश होते.

न्यायासनावर बसणाऱ्यास आपल्या माणसांचा रोषही पत्करावा लागतो. अनुसूचित जातींतील सुस्थितांना आरक्षणातून वगळण्याचा विचार व्हावा, असे मत त्यांनी 1 ऑगस्ट 2024 च्या निकालात मांडले. त्यांच्याच समाजातील अनेकांना ते रुचले नाही. 6 ऑक्टोबर 2025 रोजी भर न्यायालयात एका वकिलाने त्यांच्या दिशेने जोडा फेकण्याचा प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे कामकाज पुढे चालविले.

परंतु आमच्या मनात घर करून राहिला तो 13 नोव्हेंबर 2024 चा निकाल. न्या. विश्वनाथन यांच्यासह त्यांनी ठरवून दिले की, पंधरा दिवसांची नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावाचून कुणाचे घर पाडता येणार नाही. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग वा जलाशय यांवरील अतिक्रमणांस मात्र हे संरक्षण नाही.

आमच्या परिचयाच्या एका विधवा भगिनीच्या हाती असाच एक कागद पडला होता. मुदत तीन दिवसांची! स्वतःच्या जागेतील दोन खोल्या; पोरे शाळेत जाणारी. आम्ही तिला वकिलाकडे नेले. त्यांनी त्या निकालाचा दाखला देऊन अर्ज केला आणि सुनावणीची तारीख मिळाली. घर राहील की जाईल, हे अद्याप ठरावयाचे आहे. पण परतताना ती म्हणाली, "फादर, निदान माह्यं ऐकून तं घेतील!"

वाचकहो, दिल्लीत लिहिलेले शब्द वऱ्हाडातल्या एका उंबरठ्यापर्यंत पोहोचले. न्यायाधीशाच्या आयुष्याचे मोल पदांच्या यादीवरून नव्हे, तर अशा उंबरठ्यांवरून करावे, असे आम्हांस वाटते.