आबाजींचे मॅंगनीज

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, जमाखर्च कळतो, फिजिक्स नाही. एम.एस्सी. करणारी पुतणी सुट्टीत दिघोरीला आली तेव्हा आम्हीच म्हणालो, "बाई, आता बी.एड. कर. नोकरी लवकर लागेल." फॉर्मही आणून ठेवला होता.

ती आबाजींच्या फोटोकडे पाहत म्हणाली, "काका, आबाजी डोंगरी बुजुर्गला मॅंगनीजच काढत होते ना?"

मॅंगनीज आणि बिस्मथचा, केसाच्या हजाराव्या भागाइतका पातळ थर काचेवर चढवून तापवला की तो चुंबक होतो. एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश त्यावर सोडला, तर परतताना ती दिशा किंचित वळते. चुंबकत्व उलटले की वळणही उलटे! जॉन केर यांनी हा परिणाम लोखंडी चुंबकावर पाहून १८७७ साली प्रसिद्ध केला. प्रकाशाचे रंग बदलत वळण मोजत गेले की आतल्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब लागतो. (हिशेब म्हटल्यावर आम्ही सरसावून बसलो.) १९५७ साली अमेरिकेत अशा थरावर लिहिले आणि प्रकाशाने वाचलेसुद्धा.

आबाजी मात्र पगाराला अंगठा देत.

बी.एड.चा फॉर्म कपाटात कोराच पडून आहे.