दोन फुटांच्या समुद्रात कोण कोणाशेजारी?

सावंगी (मेघे)हून मुंबईचा समुद्र गाठायचा तर रेल्वेने सुमारे साडेसातशे किलोमीटर जावं लागतं. उन्हाळ्यात वर्ध्याचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो, आणि आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. अशा ठिकाणी घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची, तर समुद्राचं पाणी आपणच तयार करावं लागतं. ते गणित वजनकाट्याने सुटतं. त्या पाण्यात कोणाला कोणाशेजारी ठेवायचं, हा प्रश्न जास्त अवघड आणि मला तरी जास्त ओढ लावणारा.

टाकी दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. काठोकाठ भरली तर 88 लिटर. खडक-वाळूची जागा वजा जाता पाणी सत्तर लिटरच्या आसपास. आरओचं, टीडीएस शून्याजवळ आणलेलं पाणी आणि लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मत्स्यटाकीसाठी मिळणारं सागरी मीठ. पाण्याची सापेक्ष घनता 1.025 भरली की मासे न सोडता चार ते सहा आठवडे थांबायचं. माशांपासून पाण्यात अमोनिया येतो; त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू खडकावर वाढायला तेवढा वेळ लागतो. या काळात घरी येणारा प्रत्येक जण काचेत डोकावून विचारतो, ‘‘मासे कुठायत?’’

आणि फर्माईशही ठरलेली असते: निमो आणि डोरी.

2003 सालच्या ‘फाइंडिंग निमो’ने या दोघांना घराघरांत नेलं. त्यातला निमो, म्हणजे क्लाउनफिश, छोट्या टाकीत सुखाने राहतो. डोरी मात्र ब्लू टँग जातीची. ती फूटभर लांब होते आणि दिवसभर पोहत राहते. दुकानात दोन इंचांचं पिल्लू कितीही गोड दिसलं, तरी दोन फुटांच्या टाकीत तिला आणणं मला अन्याय वाटतो.

दुकानदार सहसा डॅमसेल सुचवतात. गडद निळा, स्वस्त आणि काटक मासा. पाणी थोडं इकडेतिकडे झालं तरी तग धरतो. पण बहुतेक डॅमसेल आपल्या हद्दीसाठी सतत भांडतात. प्रवाळाच्या बेटावर हे भांडण निभावतं, कारण हरलेला मासा दूर निघून जातो. टाकीत पळणार कुठे? चारी बाजूंना काच. हरलेला मासा कोपऱ्यात दबून राहतो, त्याचे पर फाटतात, तो खाणं सोडतो आणि मरतो. म्हणून छोट्या टाकीसाठी मासा निवडताना मी रंग शेवटी बघतो. आधी त्याचा स्वभाव, मग पूर्ण वाढीची लांबी, मग तो पाण्याच्या कोणत्या थरात राहतो ते. दुकानात माझ्यासमोर त्याने खाऊन दाखवलं तरच त्याला घ्यायचं.

माझ्या टाकीत पहिला आला तळाशी राहणारा पिवळा वॉचमन गोबी, आणि त्याच्याबरोबर पिस्तूल कोळंबी. ही जोडी तासन् तास बघावी. कोळंबीला फारसं दिसत नाही. ती खडकाखाली बीळ खणते आणि वाळूचा एकेक ढिगारा पुढे ढकलत दाराशी आणून टाकते. बाहेर येताना तिची एक लांब मिशी गोबीच्या अंगाला टेकलेलीच असते. मी काचेजवळ हात नेला की गोबी शेपटी झटकतो आणि कोळंबी क्षणात आत जाते. पाठोपाठ तोही. बीळ तिने खणायचं, पहारा त्याने करायचा. रात्री तिच्या नांगीचा टक् असा आवाज काचेबाहेर स्पष्ट ऐकू येतो.

क्लाउनफिश मुद्दाम सर्वांत शेवटी सोडले. बुजरा मासा आधी स्थिरावला पाहिजे. आक्रमक मासा आधी आला की सगळी टाकी त्याची होते. ऑसेलॅरिस जातीचे दोन क्लाउन घेतले, एक मोठा आणि एक लहान. हे मासे जन्मतः मादी नसतात. जोडीतला थोरला पुढे मादी होतो, धाकटा नर राहतो. मोठी जवळ आली की लहान्या आडवा होऊन सगळं अंग थरथरवतो. ती त्याची शरणागती. सारख्या आकाराचे दोन घेतले असते, तर थोरलं कोण हे ठरेपर्यंत झटापट चालली असती. समुद्रात क्लाउनफिश ज्याच्या आश्रयाने राहतात ते समुद्रफूल नसलं तरी यांचं अडत नाही, कारण हे टाकीतच जन्मलेले आहेत.

टाकीत जन्मलेलेच घ्यावेत, असा माझा आग्रह आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केरळातल्या विळिंजम आणि तमिळनाडूतल्या मंडपम इथे क्लाउनफिशची पैदास साधली. आपल्याकडे ऐरोलीलाही कांदळवन प्रतिष्ठानच्या केंद्रात हे काम झालं. मग बेटांवरून पकडून आणलेला मासा का घ्यायचा? समुद्री घोडा आणि खडक घडवणारी प्रवाळं तर 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कोणी गुपचूप देऊ केली तरी नकोच. माझ्या टाकीतला खडक कोरडा, निर्जीव आणलेला आहे.

माशांचा आकडा मात्र वर्ध्याचा उन्हाळा ठरवतो. खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा सुमारे पंचमांशाने कमी विरघळतो, आणि पाणी तापलं की आणखी घटतो. या माशांना 25 ते 27 अंशांचं पाणी मानवतं. मेमध्ये टाकीवर पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी झपाट्याने उडतं आणि मीठ मागे राहतं, म्हणून रोज साधं आरओचं पाणी वरून घालावं लागतं. नवतपाच्या कडक उन्हात तेवढ्याने भागत नाही, खोलीत एसीच लागतो. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी हवा. हे सगळं धरून मी तीन माशांवर थांबलो. आता आणायच्या आहेत त्या फक्त शेवाळ खाणाऱ्या दोन-चार गोगलगायी, त्याही पावसाळा लागून पाणी निवल्यावर.