अंकुराची वाढ

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला हा कमी पावसाचा तालुका. तरीही तेथील शेतकऱ्यांनी मोठ्या कष्टाने डाळिंबाच्या बागा फुलविल्या आहेत. डाळिंबाचे फूल उमलल्यापासून फळ पिकेपर्यंत पाच-सहा महिने लोटतात. शेतकरी रोज बागेत फेरी घालतो, प्रत्येक फांदी निरखतो. परंतु फळ वाढत असताना त्याला कधी दिसते काय? आज पाहावे तर ते कालच्याएवढेच असते आणि महिन्याने पाहावे तर मुठीएवढे झालेले असते. वाढ झाली हे कळते, वाढ होताना मात्र दिसत नाही. निसर्ग आपले काम उघड्यावर करतो. पण इतक्या सावकाश करतो, की माणसाची नजर तेथे थकून जाते.

ही न दिसणारी हालचाल लोकांच्या डोळ्यांपुढे आणण्याचे काम १९१२ साली मुंबईतील एका कलावंताने केले. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. पुढे सारा देश त्यांना दादासाहेब फाळके या नावाने ओळखू लागला.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, शिल्पकला व छायाचित्रण या कलांचे शिक्षण घेतले. त्यांनी छायाचित्रकार म्हणून काम केले, पुराणवस्तू खात्यात नोकरी केली, छापखानाही चालविला. १९११ च्या सुमारास गिरगावातील एका चित्रपटगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावरील ती हलती चित्रे पाहून, आपल्या देशातील कथा अशाच रीतीने लोकांपुढे आणाव्यात, या विचाराने त्यांच्या मनाचा ठाव घेतला.

मग त्यांना दुसरे काही सुचेना. दिवसा यंत्राची खटपट करावी, रात्री चित्रपट पाहावेत, असा त्यांचा क्रम सुरू झाला. झोप तुटली, डोळ्यांवर विलक्षण ताण पडला आणि काही काळ त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. ज्याचे सारे जीवित डोळ्यांवर अवलंबून, त्याच्यावर केवढे हे संकट! परंतु औषधोपचाराने दृष्टी परत आली, आणि तिच्याबरोबर जिद्दही. विम्याचे कागद गहाण ठेवून त्यांनी पैसा उभा केला, १९१२ च्या आरंभी लंडन गाठले आणि चित्रपटाचे तंत्र शिकून व कॅमेरा विकत घेऊन ते परत आले.

यंत्र मिळाले, विद्या मिळाली. आता भांडवल हवे होते. हिंदुस्थानात कोणी चित्रपट काढू शकेल, यावर सावकारांचा विश्वास बसावा कसा? नुसत्या शब्दांनी तो बसणार नव्हता. तेव्हा फाळके यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि कुंडीसमोर कॅमेरा रोवून ठेवला. महिनाभराहून अधिक काळ ते ठरावीक अंतराने त्या कुंडीचे चित्र घेत राहिले. कॅमेऱ्याची जागा हलू द्यावयाची नाही आणि नेम चुकू द्यावयाचा नाही, असे ते व्रत होते.

या युक्तीचे मर्म सोपे आहे. चित्रपटाच्या फितीवर एकामागून एक अशी अनेक स्थिर चित्रे असतात. त्या काळी ती एका सेकंदाला सुमारे १६ या वेगाने पडद्यावरून जात, म्हणजे एका मिनिटाच्या दृश्याला हजाराच्या आसपास चित्रे लागत. चित्रे सावकाश घ्यावीत आणि भरभर दाखवावीत, की महिन्याचा काळ मिनिटात सामावतो. फाळके यांची फीत जेमतेम मिनिटभराची होती; पण तिच्यात मातीतून अंकुर वर आला, त्याला पाने फुटली आणि पाहता पाहता त्याचा वेल झाला!

ज्यांना ही फीत दाखविली, ते थक्क झाले. त्यांच्यापैकी काहींनी कर्ज देण्याची तयारी दर्शविली. पत्नी सरस्वतीबाई यांनी आपले दागिने पुढे केले. इतकेच नव्हे, तर फितीला छिद्रे पाडण्याचे व ती रसायनांत धुण्याचे कामही त्यांनी शिकून घेतले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट लोकांसाठी झळकला. फाळके यांच्या चित्रसृष्टीचा पहिला अंकुर हा असा खराखुरा अंकुरच होता.

पुढे त्यांनी निर्जीव आगकाड्यांनाही याच रीतीने पडद्यावर नाचविले. काडी किंचित सरकवावी, चित्र घ्यावे. पुन्हा सरकवावी, पुन्हा चित्र घ्यावे. वाटाण्याचा वेल स्वतः हलत होता, काड्यांना कलावंताचा हात हलवीत होता. धीर मात्र दोन्हीकडे एकच.

निसर्गाची चित्रे काढणारे चित्रकार पुष्कळ झाले. झाडावरचे ऊन किंवा तळ्यावरची संध्याकाळ, असा एखादा क्षण ते कागदावर धरून ठेवतात. फाळके यांनी क्षणाला क्षण जोडून निसर्गाची चाल दाखविली. त्यासाठी त्यांना डोंगरदऱ्यांत जावे लागले नाही. शहरातल्या घरातील एक कुंडी पुरली. बी पेरणाऱ्याला वाट पाहावीच लागते. फाळके यांनी मात्र त्या वाट पाहण्याचीच कला केली.