सातबारा आणि स्पायडरमॅन

आमच्या वेळी गेम म्हणजे पिवळी कॅसेट. चालली नाही की बनियनला पुसायची, फुंकर मारायची, परत दाबून बसवायची. गेम कॅसेटच्या पोटात असतो, याबद्दल कुणाला शंका नव्हती. तेवढ्या भांडवलावर मी पोराला पीएस५ घेतला, वर ‘स्पायडरमॅन: माइल्स मोरालेस’ची डिस्क.

“मामा, डिस्कचा गेम स्लो चालतो,” बारामतीचा भाचा फोनवर म्हणाला. त्याने तोच गेम डाउनलोड केलेला. इकडे इंदापुरात आमचं पोरगं हट्टाला पेटलं: डिस्कच भारी!

रविवारी व्हिडिओ कॉल लावला. मी ‘तीन’ म्हटलं की दोघांनी बटण दाबायचं. आम्हाला आमचा गेम आधी उघडलेला दिसला, भाच्याला त्याचा. दोघंही खरंच बोलत होते. कॉलच मागे पडत होता. मग आपापल्या मोबाईलवर सेकंद मोजले. गेममधलं न्यूयॉर्क इतक्या झटकन समोर यायचं की घड्याळ थांबवायला माझाच अंगठा उशिरा पोचायचा. पाच-सहा वेळा केलं. फरक निघाला तो अंगठ्यांचा.

मग डिस्क करते तरी काय? पहिल्या दिवशी ती आत बराच वेळ घरघरत होती, ते आत्ता आठवलं. तेव्हा अख्खा गेम आतल्या एसएसडीवर उतरत होता. चालतो तो तिथूनच, भाच्याचा चालतो तसाच. आमची एसएसडी ८२५ जीबीची, वापरायला मिळतात ६६७. म्हणजे डिस्क घेऊन जागाही वाचली नाही. वाचलं ते फक्त डाउनलोडचं नेट.

खात्री करायला डिस्क बाहेर काढली. गेम अडून बसला: डिस्क घाला. म्हणजे आधी सातबारा दाखवा, मग शेतात पाय ठेवा! (निन्टेंडो स्विचचं निराळं, म्हणे. तिथे गेम अजून कार्डावरूनच वाचतात, आमच्या कॅसेटसारखा. ऐकून उगाच बरं वाटलं.)

पण हा सातबारा दुसऱ्याच्या हातात देता येतो, भाच्याचा गेम नाही. म्हणून पोराचा दुसरा एक गेम खेळून संपला, तेव्हा त्याची डिस्क पिशवीत घालून एसटीने बारामती गाठली. भाच्याच्या मशीनवरून पुढून, मागून, बाजूने बोट फिरवलं. फट सापडेना.

“मामा, हे डिजिटल एडिशन,” भाचा म्हणाला. “याला तोंडच नसतं.”