बेवड

‘बेवड’ हा शब्द तुम्ही ऐकलाय का? शहरातल्या मुलांना तो कदाचित नवा वाटेल. पण शेतकऱ्याच्या घरात तो नेहमीचा. एक पीक निघाल्यावर मागे जमिनीची जी स्थिती राहते, ती म्हणजे बेवड. ‘हरभऱ्याचा बेवड चांगला, तिथं पुढचं पीक जोमदार येतं,’ असं जुनी माणसं सांगतात. असं का बरं होत असेल?

उत्तर मातीतच दडलंय. चिमूटभर मातीत कोट्यवधी जीवाणू असतात, शिवाय बुरशी वेगळीच! पिकाची मुळं मातीतून नुसतं पाणी शोषत नाहीत; साखरेसारखे पदार्थ मातीत सोडतातही. प्रत्येक पिकाचं वाढप निराळं, म्हणून पंगतीला जमणारे पाहुणेही निराळे!

हरभरा, तूर, भुईमूग यांच्या मुळांवर तर रायझोबियम नावाचे जीवाणू गाठी करून राहतात. हॉलंडच्या बायेरिंक या शास्त्रज्ञानं १८८८ साली अशा गाठींतून जीवाणू वेगळे काढून दाखवले. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो, पण झाडाला तो तसाच घेता येत नाही. हे जीवाणू तो झाडाला घेता येईल अशा रूपात आणतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. पीक निघाल्यावर मुळं आणि पाला मातीत कुजतात, तेव्हा त्यातला नायट्रोजन पुढच्या पिकाच्या कामी येतो.

पण पंगतीत वाईट पाहुणेही असतात, बरं का! आमच्या एका तुकड्यात वर्षानुवर्षं तूरच असायची. २००८ साली ऐन शेंगा धरायच्या वेळी झाडं उभीच्या उभी वाळू लागली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक खोड उभं चिरलं. आत काळ्या रेघा! हा ‘मर’ रोग. त्याची बुरशी मुळांतून शिरते, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद पाडते आणि पीक काढल्यावरही मातीतल्या मुळाखोडांच्या तुकड्यांत काही वर्षं तग धरते. पुन्हा तूर पेरली, की तिला आयतंच जेवण!

तुरीला भाव बरा होता आणि माझ्या डी.एड.ची फी भरायची होती. तरी अण्णा म्हणाले, “आता तूर पेरणं म्हणजे रोगच पेरणं. यंदापासून ज्वारी.” फीसाठी आईनं दोन शेळ्या विकल्या. ज्वारीनं पैसे कमी दिले, पण बैलांना कडबा दिला. मुख्य म्हणजे या बुरशीला ज्वारीच्या मुळांवर पोट भरता येत नाही. तीन वर्षांनी त्याच तुकड्यात तूर पेरली. रोग अगदीच गेला नव्हता. इथं तिथं एखादं झाड वाळलं, पण बाकीचं पीक शेंगांनी लगडलं.

म्हणून पिकांची फेरपालट हवी. आपण नुसतं पीक बदलत नाही, तर मातीतली वस्तीही बदलत असतो.

आता एक गंमत करा. हरभरा फुलावर आला, की मोठ्यांना विचारून एक रोप खुरपीनं मुळासकट अलगद काढा. उपटू नका हं, गाठी तुटतात! मुळं पाण्यात धुऊन एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी रंग दिसला, तर समजा, कारखाना चालू आहे. आणि हो, यंदा तुमच्या शेतात कशाचा बेवड आहे, हे आजोबांना नक्की विचारा!