तीस रुपयांच्या आतलं तिकीट

घनसावंगीला रेल्वे नाही. गाडी धरायची तर आधी एसटीने परतूर नाही तर जालना गाठायचं. त्यामुळे इथल्या माणसाची लेटची गोष्ट फलाटाच्या कितीतरी आधी सुरू होते. फाटा, एसटी, मग बाकडं.

त्या बाकड्यावर बसून इथल्याच एकाने एकदा हिशेब मांडला होता. खिशात जनरलचं तिकीट, घामाने मऊ पडलेलं. गाडी कुठल्याशा क्रॉसिंगला अडकलेली. भरपाई मागायची म्हटली तर मागायची किती? आरक्षण असेल आणि गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल, तर प्रवास न करता पूर्ण पैसे परत मिळतात. मात्र ऑनलाइन तिकिटासाठी गाडी सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा लागतो. जनरलचं तिकीट रद्द केलं तर माणशी ३० रुपये कापतात. तिकीटच त्याहून स्वस्त! म्हणजे परत काय येणार, तर हात हलवत आपणच.

भरपाई मिळते, पण कुणाला? जानेवारी २०२० मध्ये अहमदाबाद–मुंबई तेजस एक्सप्रेस तासाभराहून जास्त रखडली, तेव्हा प्रवाशांना प्रत्येकी १०० रुपये देऊ केले गेले. महागड्या गाडीचे लाड, दुसरं काय.

पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडी जम्मूला चार तास उशिरा पोचल्याने विमान हुकलेल्या प्रवाशाची भरपाई कायम केली. उशिराचं समर्थनीय कारण रेल्वेने सिद्ध करावं, असं ठरलं. बाकड्यावरच्या माणसाचं मात्र विमान नव्हतं. घनसावंगीची शेवटची एसटी होती.